एफ-वन दाबा, पुढे चला

आमच्या माळ्यावर २००४ सालचा एक पेंटियम फोर पडून होता. दसऱ्याच्या साफसफाईत तो दरवर्षी खाली यायचा, अंग पुसून घ्यायचा आणि परत वर जायचा. गेल्या साली भंगारवाल्यानं त्याचे दीडशे लावले. "अहो, पस्तीस हजारांना घेतलाय," मी म्हणालो. त्यानं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "मग एकशेसाठ घ्या."

मी तो दिला नाही. पुढचं सगळं रामायण त्या दहा रुपयांवरनं झालं.

घर कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं, जुनं, भिंती हातभर जाडीच्या. फायबरचा डबा पुढच्या सोप्यात, आणि नेट मधल्या खोलीच्या उंबऱ्यावरच बसकण मारायचं. स्वयंपाकघरात आईच्या मोबाइलवर मालिकेच्या जागी नुसतं चक्र फिरायचं. पोरगं म्हणालं, "पप्पा, चौदाशेचा एक राउटर आणूया, विषय कट."

असा विषय कट करणं मला कमीपणाचं वाटलं. "बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' काढला," मी जेवताना म्हणालो. "उद्यमनगरात माणसांनी ऑइल इंजिनं घडवली. आणि मी राउटर विकत आणू?"

"अहो, पण त्यांना येत होतं," बायको म्हणाली आणि भाकरी वाढली.

मी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात आहे. एक्सेलमधले दोन तक्ते मला जोडता येतात, तेवढ्यावर खात्यात मला 'कॉम्प्युटरमधला माणूस' म्हणतात. ही पदवी फार घातक. ती मिळाली की माणूस व्हिडिओ बघायला लागतो.

व्हिडिओत सोपं होतं. राउटर म्हणजे दोन नेटवर्क कार्डांचा संगणक. एका कार्डाला बाहेरचं जग, दुसऱ्याला घर. मधला लिनक्स घरातल्या सगळ्यांची पत्रं स्वतःच्या नावानं बाहेर धाडतो आणि उत्तरं आली की ज्याची त्याला वाटतो. एकत्र कुटुंबातल्या कर्त्या माणसासारखा. (आमच्यात ते पद आईकडं आहे, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.) माळ्यावरचा पेंटियम खाली उतरवला; त्याच्यासाठी दुसरं कार्ड जुन्या सामानाच्या दुकानात दोनशेला मिळालं. डेबियन लिनक्सची १३वी आवृत्ती असल्या ३२ बिटी म्हाताऱ्यांवर चढत नाही, म्हणून १२वी चढवली.

पहिल्या रविवारी काहीच हललं नाही. फायबरचा डबा १९२.१६८.१ या आकड्यांचे पत्ते वाटतो, आणि मीही घरासाठी व्हिडिओत बघून तेच आकडे दिलेले. म्हणजे पुढच्या दाराबाहेर मंगळवार पेठ आणि मागच्या दाराबाहेरही मंगळवार पेठच. आलेलं पत्र पुढं द्यायचं की मागं, हे त्या बिचाऱ्याला कळेना. आतली पेठ १९२.१६८.५० केली आणि वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या रविवारीही नेट नाही. लिनक्स एका कार्डावरचं टपाल दुसऱ्या कार्डावर आपणहून टाकत नाही. त्यासाठी 'आयपी फॉरवर्ड' नावाच्या जागी ० असतो, तो १ करायचा असतो. एवढंच. मी दिवसभर केबली बदलत होतो. सायंकाळी त्या शून्याचा एक केला आणि आतल्या लॅपटॉपवर पिंगला उत्तर आलं. चौसष्ट बाइट, चौसष्ट बाइट, एकाखाली एक. मी सगळ्यांना बोलावलं. सगळ्यांनी त्या ओळी बघितल्या. आई म्हणाली, "मालिका कुठाय?"

मालिका नव्हती, कारण वाय-फाय नव्हतं. संगणकाला केबल होती, लॅपटॉपला केबल होती. आईच्या मोबाइलला केबल कुठं लावणार? मग मी गुपचूप जाऊन स्वयंपाकघरासाठी वाय-फायचा एक डबा आणला. चौदाशेचा. पोरगा काही बोलला नाही. फक्त त्यानं बिल फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलं.

पण चाललं. आठ दिवस चाललं. मी ऑफिसात सांगितलं, शेजारी सांगितलं, व्याह्यांना फोनवर सांगितलं. नवव्या दिवशी लाइट गेली. दहा मिनिटांनी आली, नेट काही आलं नाही. पेंटियम नुसता गप्प. बटण दाबलं, पंखा घरघरला, एक 'पीप' वाजलं आणि पुन्हा शांतता. मी रात्री बारापर्यंत लिनक्सच्या फायली तपासायच्या विचारात होतो. शेवटी माळ्यावरनं जुना सतरा इंची मॉनिटर उतरवला, तो उतरवताना कंबर धरली, आणि पडद्यावर बघतो तर काळ्यावर पांढरं: पुढं जायचं असेल तर एफ-वन दाबा. एवढ्यासाठी तो तीन तास थांबला होता. दाबलं. सुरू झाला. नेट नाहीच, कारण मी केलेला एक तात्पुरता होता आणि मशीन बंद पडल्यावर त्याचा पुन्हा शून्य झालेला.

तो एक मी कायमचा लिहून टाकला. 'लाइट आली की आपणहून सुरू हो, कुणाला काही विचारू नको' असंही सेटिंग केलं. पुढच्या वेळी लाइट गेली आणि मशीन ते सेटिंगच विसरलं. पुन्हा केलं, पुन्हा विसरलं.

मी कारखान्यात असायचो, त्यामुळं हे काम आईकडं गेलं. शहात्तर वर्षांची बाई. लाइट आली की आधी बटण, मग पीप, मग किबोर्डावर कुंकवाचा ठिपका लावलेली कळ. शेजारच्या काकू विचारत, "काय करताय?" आई सांगायची, "पोराचं नेट उठवतीया."

महिन्याभरानं पोरानं झाकण उघडलं आणि म्हणाला, "पप्पा, सेल गेलाय." बोर्डावर रुपयाएवढा एक सेल असतो. वीज नसताना सेटिंगं तोच जपतो. ती विसरू नयेत म्हणून मी जे जे करत होतो, ते सगळं त्याच मेलेल्या सेलाच्या हवाली करत होतो. नवा चाळीस रुपयांना आला.

पाठोपाठ लाइटबिल आलं. असलं मशीन शंभरेक वॅट खातं; चोवीस तासांत सव्वादोन-अडीच युनिट, महिन्याला सत्तर. आमचं घर नव्वदच्या आत असायचं. शंभरच्या वर गेलं की दरही चढतो. बायकोनं बिल फ्रिजवर लावलं, आधीच्या बिलाशेजारी.

शेवटचा घाव नेटवाल्या पोरानं घातला. तार बघायला आला होता. मी त्याला अभिमानानं सगळी मांडणी दाखवली. तो म्हणाला, "काका, आमच्या डब्यात बी लिनक्सच हाय की. ह्येच काम करतंय त्ये." मग मी चौदाशेच्या डब्याचं परवान्याचं पान उघडलं. तिथंही लिनक्स. नंतर वाचलं, की २००३ सालीच लोकांना एका निळ्या राउटरच्या पोटात लिनक्स सापडला होता, कंपनीला त्याचा सोर्स खुला करावा लागला, आणि राउटरसाठीच्या ओपनडब्ल्यूआरटी या खुल्या लिनक्सचा जन्म त्यातनंच झाला. म्हणजे माझा पेंटियम विकत घेतला त्याच्या आधीच हे डब्यात बसवून झालं होतं. मी दोन लिनक्सच्या मधे तिसरा उभा केला होता, आणि तिघांत वीज खाणारा तेवढा तोच.

पेंटियम काढला. फायबरच्या डब्यातनं एक लांब केबल थेट चौदाशेच्या डब्यात घातली. याला चार मिनिटं लागली, ती पण पोराला. आईची मालिका न अडकता चालते. मधे एकदा लाइट गेली, आली, नेटही आपणहून आलं. आई उठून कोपऱ्यात गेली, मोकळी जागा बघितली आणि परत येऊन बसली.

पेंटियम माळ्यावर आहे. भंगारवाला आता एकशेवीस म्हणतो. कुणाला राउटर करायला हवा असेल तर फुकट घेऊन जा. सेल नवा आहे.