आंबागडचा कमांडर

त्याच्या लॅपटॉपला माऊस नाही. टचपॅडवर त्याने जाड पुठ्ठा चिकटवलाय, चुकून बोट लागू नये म्हणून. पडद्यावर काळी पाटी, पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारी एक चौकट. बघणाऱ्याला वाटावं, पोरगा बँक फोडून रायला. प्रत्यक्षात तो पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीची जावातली वेबसाइट सांभाळत असतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये घरी आला. मग कंपनीनेच परत बोलावलं नाही, की यालाच ऐकू आलं नाही, हे गावात कोणी खोदून विचारत नाही. गाव त्याला कमांडर म्हणतं. फौजेशी संबंध नाही. दिवसभर 'कमांड मारतो', एवढीच कमाई.

हा नमुना हल्ली तुमसर तालुक्यातच नव्हे, वायफाय पोचेल त्या प्रत्येक गावात सापडतो. ओळखायची खूण अशी की, हा प्रोग्रामर होता होईल तो प्रोग्राम लिहीत नाही. नवीन काम आलं की बाकीचे कोड लिहायला बसतात. हा 'हायफन हायफन हेल्प' असं टाइप करतो आणि समोर जे धबधब्यासारखं कोसळतं ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. प्रसाद मिळणार नसताना इतकं वाचणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वाचून झालं की मान डोलावतो आणि म्हणतो, "सगळं आतच असते जी. लोक उगीच बाहेर शोधतात."

त्याला आळशी म्हणायची सोय नाही, कारण त्याच्या आळसाला भयंकर कष्ट पडतात. दोन मिनिटांचं काम हाताने करावं लागू नये म्हणून तो रात्र जागतो. पहाटे एका ओळीत ते काम बसवतो आणि मग ते पुन्हा कधीच करायची वेळ येत नाही.

'आतच असते' ही त्याची श्रद्धा मात्र अगदीच बिनबुडाची नाही. जावा 1995 ची. पुढे तिच्यात वेबसाइट करायची म्हणजे घरचं कार्य काढल्यासारखं झालं: टॉमकॅट नावाचा सर्व्हर वेगळा आणा, एक्सएमएलच्या थप्प्या लिहा, सगळं बांधून त्या टॉमकॅटच्या फोल्डरात नेऊन ठेवा आणि हात जोडा. रॉड जॉन्सन नावाच्या माणसाने 2002 मध्ये या सोपस्कारांना वैतागून एक जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यातल्या कोडमधून स्प्रिंग नावाचं फ्रेमवर्क निघालं आणि 2004 मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. एप्रिल 2014 मध्ये स्प्रिंग बूट आलं आणि त्याने टॉमकॅटच पोटात घेतला. हे समजावून सांगताना कमांडर खिडकीतून गावामागच्या डोंगराकडे बोट दाखवतो. तिथला आंबागडचा किल्ला सुमारे 1700 साली राजाखान पठाणाने बांधला, देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शाहाच्या अमलात. "राजाखानाने पाण्याची बावडी आतच ठेवली ना? तसंच हे." पुढे नागपूरच्या भोसल्यांनी त्याच किल्ल्याचा कैदखाना केला आणि त्याच बावडीचं नासकं पाणी पाजून कैदी मारत असं लोक सांगतात, हा भाग तो गाळतो. आतल्या सोयीचा हाही एक उपयोग असतो, हे त्याला पुढे कळायचं होतं.

त्याचं काम सुरू होताना बघण्यासारखं असतं. 'स्प्रिंग इनिट' मारलं, त्यापुढे वेब, जेपीए, एच-टू अशी हवी ती नावं लिहिली, एंटर. अर्ध्या मिनिटात घर बांधून तयार, किल्ली दारात. मग 'स्प्रिंग बूट रन'. पडद्यावर कंसांनी आणि रेघांनी काढलेलं स्प्रिंगचं नाव उमटतं. म्हणजे उमटायचं, बॅनर नावाची साधी फाइल ठेवली की तिथे आपलं चित्र येतं हे कळल्यापासून त्याच्याकडे आंबागडचा किल्ला उमटतो, बुरुजांसकट. कंपनीतल्या साहेबांनी विचारलं म्हणे, हे चार्जिंगवर लावलेल्या फोनचं चित्र आहे का.

फोनवर बोलताना मात्र त्याने जरा आवाज खाली ठेवावा. "8080 वर कोण बसलंय? विचारू नको, मारून टाक. नाइन लावून मार." शेजारच्या वहिनी दोन दिवस त्याच्या आईशी बोलल्या नाहीत. 8080 नंबरच्या पोर्टवर बसलेला बहुतेक वेळा त्याचाच, आदल्या रात्री बंद करायला विसरलेला प्रोग्राम निघतो.

नागपूरच्या कॉलेजात असताना त्याचा जीव प्ले नावाच्या दुसऱ्याच फ्रेमवर्कवर होता. 'प्ले न्यू' म्हटलं की ते अ‍ॅप्लिकेशनचं नाव विचारायचं, सगळं मांडून द्यायचं आणि शेवटी 'हॅव फन' म्हणायचं. कोड बदलला की ब्राउझर ताजा करा, बदल हजर. 2012 मध्ये दुसरी आवृत्ती आली, आतला गाभा स्कालात लिहिलेला, आणि जुन्या कमांडींची मोडतोड झाली. विषय निघाला की तो अजून क्षणभर गप्प होतो. मग म्हणतो, "हॅव फन म्हणायचं हो. आता कोण म्हणतं?"

गावात त्याच्या कामाला खरा अडथळा नेटचा. प्रोग्राम पहिल्यांदा चालवताना मावेन नावाचं साधन लागणाऱ्या शेकडो फाइली ओढतं आणि 'डाउनलोडिंग फ्रॉम सेंट्रल' अशा ओळी सरसर वर जातात. बाप मागे उभा. धान विकून किती दिवस झालेले, खात्यात दमडी नाही.

"सेंट्रलहून काय येऊन रायलं बाबू? धानाचे चुकारे?"

"जार फाइली, बाबा."

"मंग आपले चुकारे कोणत्या कमांडीनं येतेत?"

हेल्पमध्ये याचं उत्तर नाही. ई-पीक पाहणीलाही कमांड लाइन नाही. तिथे बांधीत चिखलात उभं राहून फोटोच काढावा लागतो. ते बाप अंगठ्याने तीन मिनिटांत करतो आणि कमांडर धुऱ्यावर छत्री धरून उभा राहतो.

पण त्याची ख्याती झाली ती चुलतबहिणीच्या लग्नात. आहेराची वही लिहायला बसणारे काका आजारी. कमांडर म्हणाला, वही कशाला, सगळं आतच असते. रात्रीत त्याने आहेराचं अ‍ॅप उभं केलं. डेटाबेस एच-टू, तोही आतलाच, मेमरीत राहणारा. काही बसवायला नको. शिवाय डेव्हटूल्स, म्हणजे कोड बदलला की अ‍ॅप स्वतःच पुन्हा सुरू होतं. मांडवात खुर्ची टाकून तो बसला. पाचशे एक, अकराशे, साडी, भंडाऱ्याचा पितळी गुंड, सगळं नावासकट भराभर आत. लोक मागे उभं राहून बघत होते. आलेलं पाकीट आधी त्याच्यापुढे, मग नवरीच्या बापाकडे, असा मान त्याला लाभला.

जेवणाच्या पंगती उठत आल्या तेव्हा कोणीतरी दाखवलं की पडद्यावर वर 'आहेर'ऐवजी 'आहर' छापून येतंय. कमांडरने लगेच दुरुस्त करून फाइल सेव्ह केली. डेव्हटूल्सने आपलं काम चोख बजावलं. अ‍ॅप पुन्हा सुरू झालं, किल्ला उमटला, आणि मेमरीतला डेटाबेस कोराकरकरीत होऊन समोर आला. वर ठळक अक्षरात 'आहेर', शुद्ध. खाली शून्य नोंदी. दोन्ही सोयी आतल्याच, दोन्ही निर्दोष.

मांडवात शांतता पसरली, कारण पाकिटं तोवर फोडून एकत्र झाली होती. तेवढ्यात मोठी माय पानसुपारीचं ताट बाजूला ठेवून आली. "लिही," म्हणाली. आणि सांगत सुटली. कोणी किती दिलं, कोणाच्या पाकिटावर नाव एकाचं आणि पैसे दुसऱ्याचे, कोणाची साडी मागच्या वर्षी आपणच त्यांना दिलेली. शिवाय प्रत्येक नावापुढे, त्यांच्या घरच्या कार्यात आपण काय दिलं होतं तेही. कमांडरने मान खाली घालून सगळं टाइप केलं. मधेच त्याने विचारलं, "हे दुसरं खातं कशाला, मोठी माय?" ती म्हणाली, "मंग परत किती द्यायचं ते तुला कोण सांगीन?"

त्या रात्री त्याने एक ओळ बदलून डेटाबेस मेमरीतून काढून डिस्कवर ठेवला, आणि 'परत द्यायचं' असा एक रकाना वाढवला. मार्गशीर्षात पलीकडच्या आळीत लग्न निघालं. मुलाचे वडील आमंत्रण घेऊन आले. कमांडर खुशीत लॅपटॉप पुसायला लागला.

"तू ये गा," ते म्हणाले, "पण मोठ्या मायला घेऊन."