निरंक

जगात नवे काय घडले हे जाणून घेण्याची उत्कंठा ज्याला जडली आहे, त्याला दिवसाकाठी मिळू शकणाऱ्या बातम्यांपैकी सर्वांत प्रामाणिक बातमी कोणती, असे मला कोणी विचारले, तर 'तूर्त नवे काही नाही' ही, असे उत्तर मी बेलाशक देईन. ही बातमी कोणतेही वर्तमानपत्र छापत नाही. कारण पाने तर रोज भरावीच लागतात, आणि ज्या दिवशी खरोखरच काही घडत नाही त्या दिवशी 'काहीही न घडल्याने नागरिकांत खळबळ' असा मथळा देण्याचे धैर्य वृत्तसंपादकांच्या अंगी उपजतच असते. आंतरजालाच्या कायदेकानूंत मात्र या उत्तराची रीतसर तरतूद आहे. मागे नेलेल्या प्रतीची तारीख किंवा खूण दाखवून एखाद्याने विचारणा केली आणि मधल्या काळात काहीच बदललेले नसले, तर सर्व्हरने ३०४ एवढा आकडा उच्चारावा, मजकुराची एक ओळही देऊ नये, आणि विचारणाऱ्याने निमूटपणे परत फिरावे, असा तो दंडक आहे.

ही विचारणा करण्यासाठी मी घरच्या संगणकावर एक कारकून नेमला आहे. वर्तमानपत्रे, वेधशाळा, विद्यापीठे आणि कोणत्याही विषयावर नियमाने लिहिणारी हौशी माणसे आपापल्या ताज्या मथळ्यांची एक यादी ठरावीक पत्त्यावर मांडून ठेवतात. तिला फीड म्हणतात. १९९९ च्या मार्च महिन्यात नेटस्केप कंपनीत रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांनी आरएसएस या नावाने तिचा पहिला मसुदा केला. पुढे त्या घराण्यात अशी काही भाऊबंदकी माजली की १.० ही आवृत्ती एका शाखेची आणि २.० ही भलत्याच शाखेची निघाली, आणि या कलहाला विटलेल्या मंडळींनी ॲटम नावाचे तिसरे बिऱ्हाड थाटून २००५ च्या डिसेंबरात त्याला प्रमाण म्हणून मान्यताही मिळवली. तिन्ही घरच्या मंडळींना एकाच पंगतीत जेवू घालण्याचे काम अर्थात माझ्या कारकुनाकडे आले. यादी आपण होऊन कोणाच्या दारी येत नाही. वारंवार जाऊन विचारावे लागते.

या कारकुनाची घडण ज्या साहित्यातून झाली ते साहित्य पीओई या नावाने ओळखले जाते. पर्ल या संगणकीय भाषेतला हा संच रॉको कपुटो यांनी १९९८ पासून रचत नेला. पर्ल भाषेचे जनक लॅरी वॉल यांनी आळस, अधीरता आणि अहंकार हे प्रोग्रामरचे तीन सद्गुण मानले आहेत. त्यांपैकी पहिला माझ्यापाशी मुबलक असल्यामुळे ही भाषा मला आपलीशी वाटली, हे निराळे सांगायला नको. साधा, सरळमार्गी प्रोग्राम पहिल्या वर्तमानपत्राच्या दारी जातो, विचारणा करतो, आणि उत्तर येईपर्यंत उंबऱ्यावर बसून राहतो. ते वर्तमानपत्र जर तासभर घोरत पडले असेल, तर यादीतील उरलेली सगळी वृत्तपत्रे त्या तासापुरती जगातून नाहीशी होतात. पीओईच्या कचेरीत हे चालत नाही. तेथे कर्मचारी एकच. पण तो कोणाच्याही दारी थांबत नाही. पहिल्या ठिकाणी विचारणा नोंदवली की तो दुसऱ्या फायलीकडे वळतो. उत्तर आल्याची वर्दी मिळाली की तेवढा कागद हाती घेतो, बारनिशीत चढवतो, आणि पुन्हा पुढच्या वर्दीची वाट पाहतो. त्या कचेरीत मनाई एकाच गोष्टीची, ती म्हणजे झोप. कोणत्याही उपविभागाने क्षणभर डुलकी घेतली तरी एकाच माणसावर चालणारा सबंध कारभार तेवढा वेळ ठप्प होतो. म्हणून ज्याला नंतर काम करायचे असेल त्याने 'अमुक सेकंदांनी मला हाक मारा' असा अर्ज मध्यवर्ती दप्तरात देऊन जागा मोकळी करावी, हा शिरस्ता आहे.

या कारभारातले एक कलम तर माझ्या मते आपल्या सार्वजनिक संस्थांच्या घटनेत जसेच्या तसे उतरवून घ्यावे. पीओईमध्ये प्रत्येक कामासाठी एक सेशन उघडतात. ज्या सेशनच्या वाट्याला पुढे काहीही येण्याचा संभव उरला नाही, ते आपोआप बंद होते. निरोपसमारंभ नाही, मुदतवाढ नाही, सल्लागार म्हणून फेरनेमणूकही नाही. एखाद्याने स्वतःला एक टोपणनाव नोंदवून घेतले असेल, तर काम नसतानाही त्याला नुसत्या नावावर टिकता येते, पण इतर कोणी तरी काम करीत असेपर्यंतच. ज्या क्षणी सगळी कचेरी केवळ अशा नामधारी मंडळींनी भरलेली आहे असे मध्यवर्ती दप्तराच्या ध्यानात येते, त्या क्षणी ते प्रथम 'आयडल' नावाची सूचना काढते, आणि तिनेही कोणी हातपाय हलवले नाहीत, तर 'झॉम्बी' नावाचा दुसरा हुकूम सोडून कचेरीला कुलूप ठोकते. हे दोन्ही शब्द माझ्या पदरचे नाहीत, पीओईच्या दप्तरातलेच आहेत.

शेजारी निवृत्त अव्वल कारकून राहतात. सगळी हयात मामलेदार कचेरीत गेलेली. त्यांना मी ३०४ चा प्रकार समजावून सांगितला, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "म्हणजे निरंक अहवाल म्हणा की! पण अहो, निरंक कळवायलासुद्धा सही लागते. ती कोण करतो?" ईटॅग नावाची एक खूण सर्व्हर प्रत्येक प्रतीवर उमटवतो आणि तीच आपण पुढच्या खेपेस दाखवायची असते, हे ऐकून त्यांचे पूर्ण समाधान झाले, त्या दिवसापासून ते माझ्या कारकुनाचा उल्लेख आदरार्थी बहुवचनात करू लागले.

खरी अडचण आणण्याची नव्हे, ओळखण्याची आहे. आणलेल्या यादीतील कोणता मथळा नवा आणि कोणता पाहिलेला, हे ठरवण्यासाठी प्रत्येक बातमीला कायमचा एक क्रमांक असावा, अशी सोय आरएसएसच्या २.० आवृत्तीत आहे. परंतु ती ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक सोयीचे आपल्याकडे काय होते ते वाचक जाणतातच. पुष्कळ ठिकाणी बातमीचा पत्ता हाच तिचा क्रमांक, आणि पत्ता मथळ्यावरून बनवलेला. मग 'अपघातात तीन जखमी' याचे सायंकाळपर्यंत 'चार जखमी' आणि रात्री 'पाच जखमी' झाले की माझा कारकून तीन स्वतंत्र अपघात नोंदवून एकूण बारा जण जखमी झाल्याचे निवेदन घेऊन उभा राहतो. मथळ्यात 'आणि' या अर्थाचे ते वळणदार इंग्रजी चिन्ह कोणी सांकेतिक रूप न देता तसेच टाकले, तर नियमाला धरून तो सबंध यादीच फेटाळतो. एका चिन्हापायी एका दैनिकाचा अख्खा दिवस गैरहजर लागतो.

आणि वेळ! २.० आवृत्तीतील तारखा १९८२ सालच्या एका मसुद्याप्रमाणे लिहायच्या असतात, आणि त्या मसुद्यात ग्रिनिचचे नाव आहे, अमेरिकेतील वेळांची नावे आहेत, भारतीय प्रमाणवेळेचे नाही. आपण अधिक पाच तास तीस मिनिटे असे अंकांत लिहावे, अशी अपेक्षा. ते कष्ट टाळण्यासाठी काही वृत्तसंस्था घड्याळात दिसते ती वेळ लिहून पुढे बेधडक 'जीएमटी' असे ठोकतात, त्यामुळे सकाळी दहाची बातमी दुपारी साडेतीनला घडणार असल्याचे मला सकाळीच कळते आणि ती तोवर यादीच्या शिरोभागी ठाण मांडून बसते. भविष्य वर्तवण्याची इतकी स्वस्त विद्या ज्योतिष्यांनाही साधलेली नाही.

तगादा किती लावावा यालाही मर्यादा आहे. यादीतच 'इतकी मिनिटे पुन्हा येऊ नये' असे सांगण्याची जागा असते, कोणत्या तासांना येऊ नये हेही लिहिता येते. तरीही जो दर मिनिटाला दार ठोठावतो, त्याला ४२९ हा आकडा ऐकवून हाकलून देतात, आणि ते योग्यच आहे. उलट, कायमचे बंद पडलेल्या फीडने ४१० हा आकडा सांगून आपला निर्वाणकाल जाहीर करावा, ही तरतूद मात्र क्वचितच कोणी पाळतो. बहुतेक फीड मृत्युपत्र न करताच जातात, आणि माझा कारकून त्यांच्या दारी हेलपाटे घालीत राहतो.

म्हणून वृत्तसंपादकांना आणि त्यांच्या तांत्रिक साहाय्यकांना एवढीच विज्ञापना: बातमी हवी तितक्या वेळा बदला, पण तिचा क्रमांक बदलू नका; वेळेपुढे +०५३० लिहा; आणि सांगण्यासारखे काही नसेल तेव्हा संकोच न करता ३०४ म्हणा.