मशीन कामात आहे

टर्नर म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या हातात फंडाचे पैसे आले, की घरचे त्याला घराला गिलावा सुचवतात, नाहीतर मुलीचं लग्न. आबा भंगारवाल्याकडे जातात आणि लेथ घेऊन येतात. असे आबा कोल्हापूरच्या उद्यमनगरात गल्लीगणिक सापडतील, भोसरीतही सापडतील. सोयीसाठी आपण एकच धरू.

लेथवर नावाची पट्टी नाही, रंगाचे थर तेवढे भरपूर. जाणकार म्हणतात, पंजाबातल्या बटाल्याचा. आबा म्हणतात, हरिहरचा. १९४१ साली सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करचा. बटाला म्हणणाऱ्याला त्यांच्याकडे चहा मिळत नाही. हरिहरचा तो कारखाना बंद पडला, त्यामुळे पार्ट मागवायची सोय नाही. याचं आबांना दुःख असेल असं वाटणाऱ्यानं आबांना ओळखलेलंच नाही.

आधी, आटे पाडताना लीड स्क्रूला धरणाऱ्या हाफ नटचेच आटे गेलेले निघाले. नव्या गनमेटलच्या नटाला आटे पाडायला लेथ हवा, आणि लेथवर आटे पाडायला हाफ नट हवा! आबांनी शेजारच्या शेडमधल्या पोराला बाजूला सारून त्याच्या मशीनवर काम उरकलं. मग कळलं, लीड स्क्रूच चकाच्या बाजूला झिजलाय. सगळं काम तिथंच होतं, टेलस्टॉककडं फिरकतंय कोण? आबांनी स्क्रूची टोकं नव्यानं टर्न केली आणि तो उलटा बसवला.

बॅक गिअरचा एक दात कुणीतरी चालू मशीनला गिअर टाकून उडवलेला. बिडाला वेल्डिंग मारणं आबांना पाप वाटतं. त्यांनी तुटक्या जागी ओळीनं भोकं पाडली, टॅप मारून स्टड बसवले आणि कानशीनं घासून दात घडवला. निळी लावायची, जोडीचा गिअर फिरवायचा, डाग कुठं उठला बघायचं, पुन्हा घासायचं. घरी काकूंची दाढ तेव्हा महिनाभर ठणकत होती, हे आबांना नंतर कळलं.

स्क्रू इंची, आटे हवेत मिलिमीटरचे. इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणून १२७ दातांचा गिअर हवा. आणि १२७ ला कशानंच भाग जात नाही, कुणाशीच न पटणाऱ्या थोरल्या मेहुण्यासारखा. दात आखून देणाऱ्या डिव्हायडिंग हेडच्या साध्या प्लेटवर तो बसत नाही. आबा सध्या या मेहुण्यात रमलेत.

गिऱ्हाइकं येतात. कुणाचा पंपाचा शाफ्ट, कुणाचा बुश. ‘ठेवून जा, मशीन कामात आहे,’ आबा सांगतात, आणि ते खोटं नसतं. सीएनसीवर नोकरी करणाऱ्या मुलानं एकदा विचारलं, ‘या लेथनं आजवर लेथ सोडून दुसरं काय केलंय?’ आबांनी त्याच्या हातात कापडाचा बोळा दिला आणि बेड पुसायला लावला.

काकूंनी लाटणं मागितलं होतं. सागाचा तुकडाही आणून ठेवलेला. पण बेड चकाजवळ झिजलाय, लांब जॉबला टेपर येतो, तेव्हा आधी स्क्रॅपिंग! शेवटी जोतिबाच्या यात्रेतून काकूंनीच लाटणं आणलं. आबांनी व्हर्नियर काढला, दोन्ही टोकं मापली, मध्य मापला.

‘टेपर आहे. आण इकडं, एक कट मारतो.’

काकूंनी लाटणं पाठीमागं लपवलं.