आय कँडी, म्हणजे डोळ्यांचा कंदी पेढा

इंग्रजी शिकण्याच्या खटपटी सातारा-सांगलीला नव्या नाहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं आणि ते पिण्याची घाई साऱ्या महाराष्ट्राला झाली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं घरोघरी त्याच्या चुली पेटवल्या, आणि २००० साली सरकारनं पहिलीपासून इंग्रजी सुरू करून वाटीचमचा थेट बाकावर आणून ठेवला. एवढं होऊनही तक्रार उरतेच, की पोराला शब्द सुचत नाहीत. दोष पोराचा नाही, क्रमाचा आहे. आपण त्याला आधी नामं शिकवतो. टेबल, बस, पेन, ग्लास, डॉक्टर, स्टँड हे सगळं मराठीत केव्हाच मुक्कामाला आलेलं आहे. घरात असलेलं धान्य कोणी पुन्हा बाजारातून आणत नाही. खरा तुटवडा आहे तो मत देण्याच्या शब्दांचा. आपल्याकडे ‘लय भारी’ हे एकच विशेषण बैलाला, लग्नाला, रश्श्याला आणि आमदाराला पुरवून पुरवून झिजलं आहे. म्हणून या मार्गदर्शनाचं प्रतिपादन असं, की इच्छुकानं विशेषणांचा घाऊक बाजार गाठावा; आणि तो बाजार म्हणजे सहकुटुंब पाहण्याच्या ॲनिमेशनपटांची इंग्रजी परीक्षणं.

याच चित्रपटांची का, तर त्यांच्या कथेत डोकं घालावं लागत नाही. १९९५च्या ‘टॉय स्टोरी’त खेळणी हरवतात, २००३च्या ‘फाइंडिंग नीमो’त मासा हरवतो, २०१७च्या ‘कोको’त मुलगा थेट मेलेल्यांच्या गावी पोचतो, आणि शेवटी सगळे आपापल्या माणसांत परत येतात. कथा जत्रेत चुकलेल्या पोराचीच असल्यामुळे वाचकाचं सगळं लक्ष शब्दांवर राहतं. शिवाय समीक्षकालाही पोराबाळांच्या आनंदात मीठ कालवायचा संकोच असतो, त्यामुळे तो शब्द सढळ हातानं आणि परत परत वापरतो. ‘हार्टवॉर्मिंग’, ‘चार्मिंग’, ‘व्हिमसिकल’ हे तीन शब्द एका परीक्षणात चुकले तर दुसऱ्यात हमखास भेटतात. पाठांतराला याहून चांगली सोय पाढ्यांतही नाही.

पहिला आणि कडक नियम असा, की चित्रपट पाहू नये. हे विचित्र वाटेल, पण पुरावा भक्कम आहे. २०१५ सालच्या ‘शॉन द शीप मूव्ही’त कळण्यासारखा एकही संवाद नाही. मेंढरं बोलत नाहीत हे माडग्याळी मेंढीच्या जत तालुक्यात कोणाला सांगायला नको, पण या चित्रपटातली माणसंही नुसती पुटपुटतात. म्हणजे तिकीट काढून गेलेला विद्यार्थी शून्य शब्द घेऊन घरी येणार. २००८च्या ‘वॉल-ई’चा सुरुवातीचा बराच भाग असाच मुका. २००९च्या ‘अप’मध्ये एका जोडप्याचा सारा संसार संवादाशिवाय डोळ्यांपुढून जातो. प्रेक्षक तिथे फक्त रडतो. त्याच प्रसंगावरच्या परीक्षणांतून मात्र ‘पॉइन्यंट’, ‘बिटरस्वीट’ आणि ‘टिअर-जर्कर’ असे तीन टणक शब्द पदरात पडतात, आणि रुमाल कोरडा राहतो.

आता प्रत्यक्ष कृती. परीक्षणाचा एक उतारा घ्यावा आणि त्याचा उतारा काढावा. पहिला उतारा शाळेतला, दुसरा कारखान्यावरचा. शंभर किलो उसातून अकरा-बारा किलो साखर निघाली तर या पट्ट्यात गाळप समाधानकारक मानतात. शंभर शब्दांच्या परीक्षणात तितकी विशेषणं निघाली तर तेही समाधानकारक मानावं आणि बाकीची क्रियापदं, शब्दयोगी अव्ययं वगैरे चिपाड बाजूला टाकावं. ही उपमा ओढूनताणून आणलेली नाही. इंग्रज समीक्षकाचा शब्दसाठा खरोखरच स्वयंपाकघरातून आणि त्यातही साखरेच्या डब्यातून भरलेला आहे. अतिभावुक चित्रपटाला तो ‘शुगरी’ म्हणतो, त्याहून भावुक असेल तर ‘सिरपी’, आणि फारच पाझरायला लागला तर ‘ट्रीकली’. ट्रीकल म्हणजे आपल्या काकवीची चुलत बहीण. ‘चीझी’ आणि ‘कॉर्नी’ हे चीज आणि मक्यावरून. ‘श्माल्ट्झ’ म्हणजे यिडिश भाषेत कोंबडीची वितळवलेली चरबी. ‘मॉकिश’ हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीतल्या अळीवरून आलेला आहे, त्यामुळे तो जेवताना वापरू नये.

इथे सांगलीचा माणूस अडणार. रेठऱ्याचा कृष्णा, भुईंजचा किसन वीर आणि सांगलीचा वसंतदादा यांच्या धुराड्यांकडे पाहून जिथे पंचांगापेक्षा नेमका हंगाम कळतो, तिथे ‘साखरेसारखा’ ही शिवी कशी होऊ शकते? आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर व्युत्पत्तीत आहे. समीक्षकांचा आवडता ‘सॅकरिन’ हा शब्द ग्रीक-लॅटिनमधून इंग्रजीत गेला, पण त्याचं मूळ संस्कृत ‘शर्करा’. ‘शुगर’ही फारसी-अरबीच्या वाटेनं तिथूनच. ‘कँडी’ हा तसाच फिरत गेलेला आपला ‘खंड’, म्हणजे खडीसाखरेचा खडा. आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्याचं नाव साहेबाच्या ‘कँडी’वरून पडलं, अशी एक व्युत्पत्ती साताऱ्यातच सांगतात. ती खरी धरली तर खडा इथून गेला, इंग्रजी बोलायला शिकला आणि पेढा होऊन घरी आला. तेव्हा दिसायला सुंदर पण आत काही नसलेल्या चित्रपटाला समीक्षक ‘आय कँडी’ म्हणतो, तेव्हा विद्यार्थ्यानं बिचकू नये. डोळ्यांचा कंदी पेढा, इतकंच. फक्त पेढा आतूनही खव्याचा असतो, हा फरक मनात ठेवावा.

विशेषणं जमली की पुढचा टप्पा आडपडद्याचा. इंग्रज समीक्षक वाईट गोष्ट वाईट आहे असं म्हणत नाही. ‘विल कीप द लिटल वन्स ऑक्युपाइड’ असं लिहिलं असेल तर अर्थ ‘पोरं गप बसत्यात’, आणि त्याच्याही आतला अर्थ ‘मोठ्यांनी उशी न्यावी’. ‘अँबिशस’ म्हणजे उडी मोठी, पाय मोडला. ‘इट हॅज इट्स मोमेंट्स’ म्हणजे ‘मधनं मधनं बरं हाय’. या कलेत आपला विद्यार्थी जन्मतः पुढे असतो. कांदेपोहे संपल्यावर ‘विचार करून कळवतो’ ऐकून ज्याला निकाल कळतो, त्याला ‘अँबिशस’ कळायला शब्दकोश कशाला लागतो?

आता राहिलेले आक्षेप. नुसत्या विशेषणांनी भाषा होत नाही, असं शिक्षक म्हणतील. त्यांनी शाळेतून घरी जाताना चौकातला फ्लेक्स वाचावा. ‘कार्यसम्राट’, ‘युवा हृदयसम्राट’, ‘लाडके’, ‘दमदार’, आणि खाली वीस फोटो. क्रियापद कुठेही नाही. काय केलं हे विचारायची सोय त्या वाक्यात ठेवलेलीच नसते, आणि तरी तालुका चालतो. जी भाषा मराठीत निवडून येते ती इंग्रजीत नापास का व्हावी? दुसरा आक्षेप उच्चारांचा. वाचून शिकलेला मुलगा ‘पॉइन्यंट’मधला न बोलायचा ‘ग’ बोलून बसेल. बसू दे. या भागात पिक्चरचा पिच्चर होऊन पिढ्या गेल्या, त्यापायी कुणाचा खेळ बुडाला नाही. तिसरा आक्षेप जरा जड आहे. मुलं कार्टून बघतातच, पण डोरेमॉन हिंदीत बोलतो, त्यामुळे खेड्यातलं पोर इंग्रजीऐवजी सफाईदार हिंदी शिकतं. खरं आहे; आणि चित्रपट न पाहण्याचा नियम त्यासाठीच कडक ठेवला आहे. परीक्षण डब होत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून या गावाला खेळ बघून बाहेर पडता पडता मत द्यायची सवय आहे, आणि ते मत दोन शब्दांत असतं. परीक्षणांवर वाढलेला विद्यार्थी तिथे लांबण लावणार. त्यानं ‘व्हिज्युअली स्टनिंग, जेन्युइनली पॉइन्यंट, इफ अ टॅड सॅकरिन’ एवढं एका दमात म्हटलं, तरी पारावरचा म्हातारा विचारणार, “मंजी बघायचा का न्हाय?” याचं उत्तर विशेषणांत नाही. ते ‘रॉटन टोमॅटोज’वर आहे. नट आवडला नाही की टोमॅटो मारायचे, या रिवाजावरून नाव घेतलेलं हे संकेतस्थळ १९९८पासून चांगल्या परीक्षणांची टक्केवारी काढतं. साठ टक्के आणि वर असेल तर टोमॅटो ताजा, खाली असेल तर सडका. आपल्याकडे भाव पडला की ताजाच रस्त्यावर ओततात, पण तो वेगळा विषय. विद्यार्थ्यानं गडबडू नये, विशेषणं खिशात घालावीत आणि आकडा सांगावा, “साठच्या वर हाय, आज्जा.”

“मग फर्स्टक्लास की!” म्हातारा म्हणेल.