‘तेल टाकत राहा’ म्हणणाऱ्या मिस्त्रीभाऊंना अनावृत पत्र

प्रति,
श्रीयुत मिस्त्रीभाऊ,
मु. पो. नवेगाव बांध, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया

विषय : गाडी अजूनही गळते आहे, त्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

मिस्त्रीभाऊ,

आपण पॉवर स्टेअरिंगचा नवा पंप बसवून दिलात आणि दुसऱ्याच दिवशी, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला लावलेल्या त्या जुन्या डिझेल गाडीखाली तांबडा डाग उमटला. जुन्याच जागी, जुन्याच आकाराचा. गाडीमालकाने फोन केला. पलीकडून आपला शांत, तृप्त आवाज आला : “काही नाही होत जी, तेल टाकत राहा.” या वाक्याचा चौकात पुतळा उभारावा असं गाडीमालकाच्या मनात आहे. पुतळ्याच्या पायथ्याशी तेल गळेलच.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. सीटवर उमटलेला ग्रीसचा पंजा, तंबाखूच्या पुडीमागे लिहिलेलं बिल, “अर्ध्या तासात देतो” म्हणून संध्याकाळपर्यंत उभी ठेवलेली गाडी. हे सगळं माफ. ‘टाकत राहा’ मात्र माफ नाही.

कारण हे तेल संपायचं तेलच नव्हे. डिझेल जळतं, इंजिन ऑइलही थोडंफार जळतं. पॉवर स्टेअरिंगचं तेल मात्र एका बंद वाटेने फिरत असतं. तेलाच्या डबीतून पंपात, पंपातून दाबाच्या जाड नळीत, तिथून चाकं वळवणाऱ्या रॅकमध्ये आणि परतीच्या नळीने पुन्हा डबीत. पातळी उतरली याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर पडलं, एवढाच. मग ‘कुठून’ हा प्रश्न विचारायचं सोडून आपण दर वेळी ‘किती टाकू’ एवढंच का विचारत आलात?

‘कुठून’चं उत्तर ही यंत्रणा चालते कशी, यात आहे. फ्रान्सिस डेव्हिस नावाचा एक अमेरिकी अभियंता होता. पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात नोकरी करून बाहेर पडला आणि 1926 साली त्याने आपलं पॉवर स्टेअरिंग गाडीवर चालवून दाखवलं. विक्रीच्या मोटारीत ते यायला पुढे 1951 साल उजाडलं, क्रायस्लरच्या गाडीत. डेव्हिसची मेख अशी की त्याने तेलावर सतत दाब ठेवलाच नाही. चाकं सरळ असताना तेल मोकळं फिरतं, दाब नाममात्र. स्टेअरिंग वळवलं की झडप वाट अडवते आणि दाब झपाट्याने चढतो. टायरमध्ये आपण बत्तीसची हवा भरता. याच हिशेबाने पाहिलं, तर उभ्या गाडीचं चाक टोकापर्यंत फिरवल्यावर त्या नळीतला आकडा हजाराच्या वर जातो.

म्हणजे बारीक गळती वळणावर जागी होते आणि सरळ चाकांवर झोपते. आपली तपासणी कशी झाली होती, आठवतं? इंजिन बंद, चाकं सरळ, तोंडात खर्रा, मोबाइलच्या उजेडात एक नजर आणि निकाल : “पंप गेला.” पंप काही गेला नव्हता. तो बिचारा आता डिकीत पोत्यात पडून आहे, धडधाकट.

नवेगाव बांधात बसून हे शिकवावं लागतं, याचा गाडीमालकाला जास्त राग आहे. इथला तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते, आणि तलाव बांधणं हे कोहळी समाजाचं पिढीजात कसब. मातीच्या बांधाचा पाझर जिथे ओल दिसते तिथेच असतो असं नाही. पाणी वर शिरतं आणि पायथ्याला निघतं, हे या मुलखात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तेलाचंही हेच. वरून निघतं, पंपाच्या पोटावरून ओघळतं, धावत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं आणि गाडी थांबली की भलत्याच बोल्टाच्या टोकावरून टपकतं. थेंब पडतो तिथला सुटा भाग बदलणं म्हणजे बांध सोडून पायथ्याची ओल पुसणं.

शेवटी तपास घरच्या अंगणात झाला. आधी इंजिन थंड असताना सगळा भाग ब्रशने, साबणाच्या पाण्याने धुवून कोरडा केला. डबीपासून रॅकपर्यंत प्रत्येक जोडावर बाळाला लावतात ती पावडर भुरभुरली. रॅकच्या दोन्ही टोकांचे रबरी बूट दाबून पाहिले. आत तेल साठलेलं असतं तर रॅकचं सील गेलं म्हणायचं. बूट कोरडे होते. मग इंजिन सुरू करून एकाला आत बसवलं आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. टोकाला दोन-तीन सेकंदच धरायचं, जास्त धरलं की तेल तापतं आणि पंप रडतो. नजर मात्र वरून खाली. दाबाच्या नळीचं रबर जिथे लोखंडी टोपीत दाबून बसवलेलं असतं, तिथली पांढरी पावडर ओली, लाल झाली. स्टेअरिंग सरळ केलं की ओल वाढायची थांबे. वळवलं की पुन्हा सुरू.

एक नळी, मिस्त्रीभाऊ. पंप नाही, आणि ज्याची किंमत ऐकवून आपण पुढच्या महिन्याची तयारी ठेवायला सांगितली होतीत तो रॅक तर नाहीच.

आता एक गोष्ट उपरोधाने सांगता येत नाही म्हणून सरळ सांगतो. मधल्या काळात एकदा आपल्या पोऱ्याने त्या डबीत ब्रेक ऑइल ओतलं. “तेच असते जी,” म्हणाला. तेच नसतं! ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं, हे तेल खनिज. या यंत्रणेतली नायट्राइल रबराची सीलं ब्रेक ऑइलमध्ये फुगतात, मऊ पडतात आणि जी गळत नव्हती तीही गळू लागतात. एका जागेची गळती आपण चार जागांवर नेऊन ठेवली असती. सगळं तेल काढून, धुवून, पुन्हा भरावं लागलं. गाडीत लहान मुलं बसतात. वळणावर स्टेअरिंग एकाएकी जड झालं आणि समोरून धानाचा ट्रक आला, तर ‘काही नाही होत’ हे वाक्य कुणाला ऐकवणार होतात?

असो. राग ओसरल्यावर गाडीमालक आपल्या दुकानाकडे जरा नीट पाहायला लागला. लिफ्ट नाही, खड्डा नाही. मे महिन्यात पत्र्याखाली, तापलेल्या गाडीच्या पोटाशी पोतं अंथरून आपण पाठीवर झोपता आणि डोळ्यांत तेल पडतं. नवं काही शिकवायला कुणी येत नाही. सुझुकीच्या ‘सर्वो’ गाडीत विजेवर चालणारं स्टेअरिंग 1988 साली आलं. आता नव्या छोट्या गाड्यांत सर्रास तेच असतं, म्हणजे तेलाचा हा सगळा संसार आपल्या हयातीतच आवरला जाणार. एका सीलची मागणी केली की दुकानदार अख्खा रॅक पुढे करतो. आणि गिऱ्हाईक? पंपाचे काही हजार ते निमूट मोजतं, पण “दोन तास शोधलं, त्याचे तीनशे” म्हटलं की विचारतं, “शोधायचे कसले पैसे? नुसतं पाहिलंच ना?” शोधलं तर फुकट आणि बदललं तर कमाई, असा सौदा असेल तर कोण शोधेल? आपण बदलता. शहाणा माणूस हेच करील.

म्हणून हा प्रस्ताव. नळीची दोन्ही लोखंडी टोकं शाबूत आहेत. जेसीबी आणि हार्वेस्टरच्या नळ्या दाबून देणाऱ्याकडून त्यांवर नवं रबर चढवून आणा. मात्र तेवढा दाब, तेवढी उष्णता आणि हेच तेल सोसणारं, पाण्याचा पाइप नव्हे. जोडाचं तांब्याचं वायसर नवं टाका. तेल बाटलीवर वाचून भरा, पोऱ्याला विचारून नको. बसवल्यावर पावडर पुन्हा भुरभुरा आणि स्टेअरिंग टोकापर्यंत फिरवून दाखवा. यापुढे बिलात ‘शोधण्याची मजुरी’ अशी वेगळी ओळ लिहा, ती पाचशे असली तरी गाडीमालक हूं की चूं करणार नाही. नळी बसवण्याच्या मजुरीवर मात्र घासाघीस होईल, आणि डिकीतला जुना पंप आपण किती रुपयांना परत घेता, तेही त्याच वेळी बोलू.

कळावे,
एक गाडीमालक

ता. क. बिल या वेळी कागदावर द्यावे.