फुकटचा बिल्ला

संगणकावर नावाचे बिल्ले घरच्या घरी करायला एक रुपयाही लागत नाही, असे सांगितले जाते आणि ते खरेच आहे. रुपये लागतात ते कागदाला, शाईला, प्लॅस्टिकच्या पाकिटांना, दोऱ्यांना आणि बिल्ले करायला बसलेल्या मंडळींच्या चहाला. धारवाडात चहाबरोबर पेढाही येतो. बिल्ला तेवढा फुकट पडतो.

हुबळी आणि धारवाड ही सुमारे वीस किलोमीटरच्या अंतरावरची दोन गावे १९६२पासून एकाच महापालिकेत नांदत आहेत. दोन्हीकडच्या मराठी घरांतली माणसे एकमेकांना तोंडओळखीने पक्की जाणतात, नावाने मात्र कच्ची. स्नेहसंमेलनात एखाद्या काकू समोर उभ्या राहून "ओळखलंस का?" असे विचारतात, तेव्हा खोटे बोलणे किंवा खोकणे एवढे दोनच मार्ग उरतात. बिल्ला हा तिसरा मार्ग. त्यासाठी नजर क्षणभर खाली न्यावी लागते. ती कितपत सभ्यपणे न्यायची हे ज्याचे त्याने ठरवावे.

बिल्ले करायला विकतची प्रणाली लागत नाही. २०१०मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघालेले लिब्रेऑफिस हे विनामूल्य आहे आणि कायद्यानेही विनामूल्य आहे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण बहुतेक घरांतल्या संगणकांवर पहिल्या अर्थाने फुकट असलेले बरेच काही असते. लिब्रेऑफिसच्या 'कॅल्क'मध्ये नावांची यादी करायची, 'रायटर'मध्ये लेबलांचा नमुना घ्यायचा आणि यादी त्याला जोडायची, की एकेक नाव आपापल्या चौकटीत जाऊन बसते. याला मेल मर्ज म्हणतात. लेबलांचा तयार नमुना न घेता हाताने तक्ता आखणाऱ्याने प्रत्येक चौकटीत 'पुढची नोंद' ही खूण घालायला हवी. ती राहिली तर पानभर पहिलेच नाव छापले जाते. पहिले नाव कुलकर्णींचे असेल, तर धारवाडात ही चूक ध्यानात यायला वेळ लागतो. एका पानावर दहा कुलकर्णी, यात संशय घेण्यासारखे काय आहे?

खरे काम यादीचे. संगणकाला नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने पुरेसे वाटतात. माणसांना ते पुरत नाहीत. १९१७चे कर्नाटक कॉलेज, मग कर्नाटक विद्यापीठ, १९८६चे कृषी विद्यापीठ आणि २०१६पासून आयआयटी, एवढे ज्या धारवाडात आहे तिथे नावाच्या आधी 'डॉ.' किंवा 'प्रा.' आणि नंतर 'निवृत्त' येणारच. निवृत्तीला वीस वर्षे झालेल्यांचा 'निवृत्त' विशेष ठसठशीत हवा असतो. काहींना आद्याक्षरे पुरतात, पण ती मराठी की इंग्रजी, हा प्रश्न उरतो. मराठी कथाकार गुरुनाथ आबाजी कुलकर्णी हे धारवाडात इंग्रजीचे प्राध्यापक होते. मराठी वाचकांनी त्यांना 'जी. ए.' या दोन इंग्रजी अक्षरांनीच ओळखले, 'गु. आ.' कोणी म्हटले नाही. बिल्ल्याच्या दृष्टीने हे आदर्श नाव: मोठे छापता येते, शाई थोडी लागते. मात्र त्यांना समारंभांचा आणि गर्दीचा मनापासून कंटाळा होता. पूर्णपणे विनामूल्य पडणारा बिल्ला तो हाच, कधीच न करावा लागणारा.

उलट टोकाला आप्पा, अण्णा आणि अक्का. अण्णांचे खरे नाव त्यांच्या पेन्शनच्या कागदांखेरीज कुठे सापडत नाही, आणि 'दत्तात्रेय' असा बिल्ला गळ्यात पाहून त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने त्यांना ओळख करून द्यायला सांगितले तर दोष बिल्ल्याचाच. म्हणून यादीत 'हाक मारायचे नाव' असा चौथा रकाना ठेवावा आणि तोच सर्वांत मोठ्या अक्षरांत छापावा. ही सूचना समितीच्या बैठकीत सहसा फेटाळली जाते.

यानंतर अक्षरे. श्री-लिपी, शिवाजी, किरण किंवा कन्नडसाठी नुडी अशा जुन्या फॉन्टांत केलेली यादी दुसऱ्या संगणकावर उघडली, की देशपांडेकाकांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि कंस यांची जत्रा भरते. यादी युनिकोडमध्येच करावी. नोटो आणि बालू हे फॉन्ट विनामूल्य मिळतात. बालूच्या कन्नड भावंडाचे नाव बालू तम्मा. दोन्ही लिपी एकाच घरातल्या दिसाव्यात असे वाटणाऱ्यांना ती जोडी सोयीची. फॉन्ट निवडताना दोन शब्द टाइप करून पाहावेत. पहिला 'कऱ्हाडे'. त्यातला अर्धा र नीट वळला नाही, तर कऱ्हाडेंचे निम्मे कुटुंब जेवणापूर्वीच परत जाते. दुसरा 'हुब्बळ्ळी'. १ नोव्हेंबर २०१४ला शहराचे अधिकृत नाव बदलले आणि मराठी लोक अजून हुबळीच म्हणत असले, तरी ब्ब आणि ळ्ळ शेजारीशेजारी धडपणे उभे करणारा फॉन्ट कुठेही हार जाणार नाही.

बिल्ल्याचा आकार ९० बाय ५५ मिलिमीटर धरला तर ए-फोर कागदावर दोन उभ्या ओळींत पाच-पाच असे बरोबर दहा बसतात. एवढ्या रुंदीत मोठ्या अक्षरांत 'दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे' एका ओळीत जेमतेम मावते. त्याला पदवी जोडायची तर अक्षर बारीक करावे लागते आणि मग बिल्ला वाचायला माणसाला नाकाजवळ यावे लागते. छपाईसाठी फाइल पीडीएफ करून न्यावी, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानातला संगणक आपल्या मर्जीचा फॉन्ट घालतो. तिथे 'फिट टू पेज' हा पर्याय आधीच निवडलेला असतो. तो काढायला लावावा, नाहीतर बिल्ले आखडतात आणि पाकिटात डोलतात. पावसाळ्यातल्या कार्यक्रमाला लेझर छपाईच बरी. धारवाडची भुरभुर छत्रीला दाद देत नाही आणि इंकजेटची बरीचशी शाई भुरभुरीपुढे टिकत नाही.

राहिला लावण्याचा प्रश्न. पिनेचा बिल्ला पुरुषांच्या सदऱ्यावर खपतो. रेशमी पदराच्या इरकलीला पिन टोचू देणारी बाई मात्र अजून जन्माला यायची आहे. म्हणून दोरी. दोरीतला बिल्ला गळ्यात पडताच स्वतःभोवती फिरतो आणि कोरी बाजू पुढे करतो. यावर दोन्ही बाजू छापणे हाच इलाज: एकीकडे देवनागरी, दुसरीकडे कन्नड. कोणती लिपी पुढे यावी हा वाद समितीने चालवण्याऐवजी दोरीच्या पिळावर सोडता येतो. मातृभाषा मराठी असून कन्नडचे थोर कवी झालेले बेंद्रे धारवाडचेच. त्यांना दोन्ही बाजू सारख्याच शोभल्या असत्या.

कार्यक्रम संपल्यावर पाकिटे आणि दोऱ्या दारातच परत घ्याव्यात. एकदा घरी गेलेली दोरी किल्ल्यांना लागते आणि पाकिटात रेशनकार्ड जाते. संगणकातली यादी जपून ठेवावी. पुढच्या वर्षी तीत साल बदलायचे, दोन नव्या सुनांची नावे घालायची आणि गेल्या वर्षीच्या अध्यक्षांच्या पदापुढे 'माजी' लिहायचे. हे शेवटचे काम त्यांच्या देखत करू नये.