जपून ठेवलेली गाडी

कन्नडमध्ये ज्याच्या पडवीत ताडपत्रीखाली जुनी मोटरसायकल उभी आहे, तो स्वतःला तिचा मालक म्हणवत नाही, राखणदार समजतो. ‘भाऊ, गाडी द्यायची का?’ असं कुणी विचारायचा अवकाश, ‘द्यायची नाही, जपून ठेवलीय’ हे उत्तर तयारच असतं. हा गृहस्थ पन्नाशीचा. कुठे पगारदार, कुठे मका-अद्रकवाला शेतकरी. पुतण्याला तो गाडीच्या सीटवर बसू देतो, पण हँडलला हात लावू देत नाही. गावातल्या मिस्त्र्यांना मात्र तो एकाच तक्रारीमुळे ठाऊक असतो : पुढचा ब्रेक चिकटलाय, चाक फिरत नाही. दोष तो कंपनीला देतो, कन्नडच्या पावसाला देतो, हल्लीच्या ब्रेक ऑइललाही देतो. माझं म्हणणं असं, की डिस्क ब्रेकच्या कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, पिस्टन यांतल्या कशानेच जाम होत नाही. त्याच्या जपण्याने होतो.

आधी हे मान्य करायला हवं, की या दुखण्यालाही पात्रता लागते. जुनी बुलेट, जुनी येझदी, आरएक्स 100 ही पूज्य मंडळी ड्रम ब्रेकची, तिथे कॅलिपरच नाही. एस्कॉर्ट्सने 1983 पासून आपल्याकडे काढलेली राजदूत 350 घ्या. तिच्या जपानी बहिणीला पुढे डिस्क होती, आपल्या पदरात ड्रमच पडला. त्यामुळे आपला राखणदार बहुधा 1999 नंतरची सीबीझी किंवा 2001 ची गोल हेडलाइटची पल्सर 180 बाळगून असतो. बुलेटवाले या गाड्यांना क्लासिक म्हटलं की हसतात. हसोत बापडे. गाडी घेतली तेव्हा त्याच्या डोक्यावर भरपूर केस होते, आणि क्लासिक ठरवायला त्याला एवढा पुरावा पुरतो.

आता त्याची राखण नीट पाहा. दसऱ्याला नळी लावून गाडी धुतली जाते, तीही पुढच्या चाकावर अंगठ्याने धार दाबून. पिस्टनच्या तोंडाशी धूळ अडवायला एक पातळ रबर असतं, जुनं झालं की ते सैल पडतं आणि पाणी त्याच्या मागे जाऊन बसतं. मग चकाकीसाठी डिझेलचा फडका. तो चुकून कॅलिपरवरूनही फिरतो, आणि आतल्या सीलचं रबर खनिज तेलाने फुगतं. पुढे झेंडूचा हार, हळदीकुंकू, टायरखाली लिंबू. लिंबू चिरडण्यापुरती गाडी पुढे सरकते आणि परत ताडपत्रीखाली जाते. नंतरचे महिने पिस्टन एकाच जागी उभा. त्याच्याभोवती चौकोनी काटछेदाचं सील असतं. ब्रेक दाबला की ते पिस्टनबरोबर किंचित पिळतं, सोडला की सरळ होऊन त्याला केसभर मागे ओढतं. चाक मोकळं होतं ते एवढ्यावर. उभ्या गाडीत सीलच्या खाचेत ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साचते, ती रबराला मागून उचलते आणि रबर पिस्टनला आवळून धरतं. पिस्टनवरचा क्रोमचा मुलामा टोचला गेला, तर त्याखालून तांबूस गंज वर येतो.

राखणदाराचा पहिला बचाव : ‘दर रविवारी पाच मिनिटं चालू ठेवतो.’ ठेवतो खरा, पण मेन स्टँडवर. इंजिनाचं तेल फिरतं, बॅटरीला थोडा आधार होतो, ब्रेकचा लिव्हर मात्र तसाच. दुसरा बचाव अधिक वजनदार आहे : ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, मग ते रोजच्या गाडीतही शोषणारच. शोषतंच. कोऱ्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश, ओलावा मुरलेल्याचा किमान 155, हे गाडी कुणाची आहे ते पाहून बदलत नाही. फरक एवढाच, की रोज औट्रम घाट उतरून चाळीसगावला जाणाऱ्याचे ब्रेक पॅड झिजतात. पॅड बदलताना मिस्त्री कॅलिपर खोलतो, पिस्टन पुसतो, काळवंडलेलं ऑइल पाहून दोन शिव्या देतो आणि नवं भरतो. जपलेल्या गाडीचे पॅड झिजतच नाहीत. राखणदार ते अभिमानाने दाखवतो. दोन वर्षांनी बदलायचं ऑइल तिथे काकवीच्या रंगाचं होऊन बसलेलं असतं.

पिस्टन सोडवायची वेळ आली, की हाच मवाळ माणूस एकदम शूर होतो. ‘पंक्चरवाल्याकडे हवा मारू, एका मिनिटात बाहेर,’ तो म्हणतो. हवा दबते, आणि पिस्टन सुटताना सगळा दाब एका झटक्यात मोकळा होतो; मध्ये बोट असलं तर बोटाचं काही खरं नाही. द्रव तसा दबत नाही. म्हणून जाणता मिस्त्री पाइप न काढता, कॅलिपर तेवढा उतरवून, लिव्हर मारत पिस्टन हळूहळू बाहेर आणतो. पिस्टन दोन असतील, तर आधी निघणाऱ्याला लाकडी पट्टीने अडवून दुसऱ्याला पुढे आणतो. पक्कड लावू देत नाही, कारण तिच्या दातांचे ओरखडे नवं सीलही झाकू शकत नाही. खाच टोकदार काडीने खरवडून साफ होते. किटमधलं नवं सील कोऱ्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवलं जातं. यावर राखणदाराची शेवटची तक्रार : ‘चालवली तर झिजेल ना!’ पॅड आणि सील झिजायलाच केलेली असतात. डिस्क ब्रेक बनवणारे कारखाने तर इथून साठेक किलोमीटरवर, वाळूजच्या एमआयडीसीत आहेत. पैसे टाकून सहज न मिळणारी वस्तू म्हणजे कॅलिपरची जुनी मूळ बॉडी, आणि तीच उभ्या उभ्या आतून खाल्ली जाते.

हे सगळं तो मान डोलावत ऐकतो. बिल देताना घासाघीस करत नाही. फक्त काढलेला गंजका पिस्टन मिस्त्रीकडून मागून घेतो, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळतो आणि खिशात टाकतो. ‘ओरिजिनल आहे,’ तो सांगतो, ‘असू दे.’